सुतकातला डाव

अप्पा गेल्याच्या सातव्या दिवशी दुपारी नारायण पेठेतल्या आमच्या फ्लॅटमध्ये पाच माणसं सतरंजीवर बसून पत्ते खेळत होती, आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. सुतकातल्या दुपारी फार लांब असतात. देवपूजा नाही, देऊळ नाही, गोडधोड नाही, टीव्ही नाही. सकाळी माणसं भेटायला येतात, संध्याकाळी गुरुजी गरुडपुराण वाचायला येतात. मधल्या वेळात पत्ते. काकांच्या वेळी आम्ही दहा दिवस रमी खेळलो होतो.

अप्पा म्हणजे माझे वडील, कीर्तनकार महिपतीबुवा. वय एक्क्याऐंशी. शेवटचे दोन महिने भाड्याने आणलेल्या ऑक्सिजनच्या यंत्रावर होते. मंगळवारी सकाळी, आईने चहा गाळला तेव्हा होते. कप घेऊन ती खोलीत गेली तेव्हा नव्हते. मी बावीस वर्षं त्यांच्या मागे पेटीवर बसले. मला रडू आलं नव्हतं. लोक आले की माझ्याकडे बघायचे, मी त्यांना पाणी आणून द्यायचे. माझा आवाज मलाच पोस्टाच्या खिडकीतल्या बाईसारखा ऐकू यायचा.

त्या दिवशी रमी नको म्हणाला अर्णव, दादाचा मुलगा. सत्तावीस वर्षांचा, हिंजवडीला कंपनीत आहे. "रमीत सगळे झोपतात. पोकरची टुर्नामेंट खेळू. रीबायवाली."

"पैसे लावून?" दादाने विचारलं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ श्यामसुंदर, बँकेतून लवकर निवृत्त झालेला. "सुतक आहे रे घरात."

"पैसे नाहीत हो बाबा. चिंचोके."

खेळ सोपा होता. प्रत्येकाच्या हातात दोन पानं झाकून, मध्ये पाच उघडी. सातांतली सगळ्यांत चांगली पाच धरायची. प्रत्येकाला वीस चिंचोके. संपले की नेहमी माणूस बाद होतो, पण ह्या प्रकारात पहिला तासभर बाद होत नाही, किंमत मोजून परत वीस घेऊन बसता येतं. त्याला रीबाय म्हणायचं. तास संपला की सुट्टी, सुट्टीत शेवटचे तीस वाढवून घेता येतात, आणि मग दुसरा अर्धा. तिथे संपलं की संपलं.

"किंमत काय मोजायची?" आमोदने विचारलं. आमोद आमचा चुलतभाऊ, शनिवार पेठेत त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे. बोलणं कात्रीसारखं. कुणी उत्तर द्यायच्या आत त्यानेच भिंतीवर डकवलेल्या कागदाकडे बोट केलं. "ती घ्या की. सात दिवस नुसती वाचतोय सगळे."

कागदावर करायच्या कामांची यादी होती. दूधवाल्याला जादा दूध सांगणे. मांडववाल्याकडून खुर्च्या. तेराव्याच्या जेवणाचा आचारी. गुरुजींच्या यादीचं सामान. ऑक्सिजनचं यंत्र परत करणे. महापालिकेतून मृत्यूचा दाखला, आठ प्रती. अप्पांचं कपाट आवरणे. आणि सगळ्यांत खाली, दादाच्या अक्षरात: लोणी काळभोरला फोन करून कीर्तन रद्द कळवणे.

प्रत्येक रीबायला एक काम, सुट्टीतल्या तीसांनाही एक, ज्याचं त्याने निवडायचं. जो जिंकेल त्याने आपल्या कामांपैकी एक हव्या त्या माणसाच्या गळ्यात मारायचं. सगळ्यांना पटलं. निदान कामं तरी होतील, असं पूर्णिमावहिनी म्हणाली.

त्या शेवटच्या ओळीबद्दल एक गोष्ट मला ठाऊक होती आणि मी ती कुणाला बोलले नव्हते.

लोणीच्या मारुतीच्या देवळात वर्षातून एकदा अप्पांचं कीर्तन असायचं. एकोणीस वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं. यंदाचं दोन दिवसांवर आलं होतं, म्हणजे नवव्या दिवशी. अप्पाच नाहीत, त्यात घरात सुतक, तेव्हा रद्द करायचं, असं दादाने लिहून टाकलं आणि सगळ्यांनी मान डोलावली. पण लग्न झालेल्या मुलीला आईवडिलांचं सुतक तीनच दिवस. शुक्रवारी न्हाऊन मी कोथरूडच्या माझ्या घरी गेले, देवाला फुलं वाहिली आणि परत आले. म्हणजे ह्या घरात देवळाची पायरी चढू शकणारी एकटी मीच होते. आख्यानं मला पाठ आहेत. अप्पा विसरायचे तेव्हा पेटीवरून शब्द मीच पुरवायचे. फक्त मी कधी उभी राहिले नव्हते, आणि ह्या पोस्टातल्या आवाजाने उभं राहून काय म्हणणार होते? कुणीतरी तो फोन करून टाकावा आणि माझ्या डोक्यावरून ते जावं, एवढंच मला हवं होतं. फक्त तो कुणीतरी मी नको.

डाव सुरू झाला. अर्णवने पहिल्याच हाताला, पानं न बघता, सगळे चिंचोके पुढे ढकलले.

"वेडा आहेस का?" वहिनी म्हणाली.

"आई, रीबाय चालू असेपर्यंत घाबरायचं नसतं. दोन-तीनदा जायचंय असं ठरवूनच बसायचं. जो एकच जीव घेऊन बसतो त्याला सगळे धमकावतात." दादाच्या हातात राजांची जोडी होती. अर्णवचे चिंचोके गेले. "झालं. मेलो मी."

वहिनीने त्याच्याकडे असं बघितलं की त्याची मान खाली गेली.

आतल्या खोलीतून आईचा आवाज आला. ती पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती, झोपलीय असं आम्ही धरून चाललो होतो. "मेलास तर दूधवाल्याला फोन कर."

अर्णवने मुकाट्याने फोन केला, वीस चिंचोके घेतले आणि पाच मिनिटांत तेही घालवले. खुर्च्या. तिसऱ्या खेपेला त्याने आमोदचे आणि दादाचे मिळून एवढे ओढले की त्याच्यापुढे ढीग झाला.

"पुनर्जन्म स्वस्त झालाय," आमोद म्हणाला आणि आचारी घेतला. वहिनीने गुरुजींचं सामान. अर्णव आणखी एकदा गेला, हसत हसत, आणि ऑक्सिजनचं यंत्र त्याच्याकडे आलं. यंत्र दाराशीच उभं होतं, नळी गुंडाळून वर ठेवलेली. त्याच्याकडे बघत तो म्हणाला, "हे उद्या सकाळीच नेतो," आणि हसणं थांबवलं.

मी एकदाही गेले नव्हते. चांगलं पान आलं तरच खेळायचे, नाहीतर पानं टाकून द्यायचे. माझे वीसाचे अठरा झाले, अठराचे सोळा.

"आत्या," अर्णव माझ्याकडे वळला, "तू उलटं खेळतेयस. हा पहिला अर्धा आहे. आत्ता जप जप जपून काही मिळत नाही. आणि ह्या यादीत तर सोपी कामं आधी संपणार. आत्ता मर. आत्ता स्वस्त आहे."

"काही शिकवू नकोस तिला," आमोद म्हणाला. "बावीस वर्षं दुसऱ्याच्या मागे बसलेली बाई आहे. एकदम पुढे कशी येईल?"

तो सहज बोलला. मीही सहज ऐकलं. पण अर्णव म्हणत होता ते मला कळत होतं, माझ्या ओळखीचंच होतं. पूर्वरंगात अप्पा एक अभंग निरूपणाला घ्यायचे. एक दृष्टांत लागला नाही तर दुसरा, श्रोते हसले नाहीत तर तिसरा. पूर्वरंगात चुकलं तरी चालतं, तो श्रोत्यांना जागं करायचाच वेळ. मग मध्यंतरात बुवांना हार घालतात, बुक्का लावतात, आणि उत्तररंगात आख्यान सुरू होतं. तिथे एकदा उचललेली गोष्ट शेवटापर्यंत न्यावीच लागते, मध्येच सोडून दुसरी घेता येत नाही. मी हे अर्णवला सांगितलं.

"एक्झॅक्टली!" तो म्हणाला. "आणि तू उत्तररंग आधी म्हणतेयस."

कळत होतं, तरी हात पुढे जात नव्हता. वहिनीने चहा आणला. गरम होता, एवढंच कळलं.

तास संपायला पाच मिनिटं होती तेव्हा दादा गेला. यादीत तीन कामं उरली होती. दाखला, कपाट, लोणी. त्याने चष्मा काढून पुसला. "दाखला मी आणतो," म्हणाला. "माझी सही लागेलच."

मग सुट्टी झाली. शेवटचे तीस चिंचोके घेण्याची वेळ. हे प्रत्येकाने घ्यायचेच असतात, अर्णव म्हणाला, एवढे चिंचोके एवढ्या किमतीत पुढे कुठेच मिळत नाहीत. पण कामं दोनच होती.

"कपाट माझं," दादा एकदम म्हणाला. इतक्या घाईने की सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. तो यादीकडे बघत राहिला. "बाकी कुणी हात लावू नका त्याला."

राहिलं लोणी. माझ्यापुढे चौदा चिंचोके होते, सगळ्यांत कमी.

"अस्मे, तू घे," आमोद म्हणाला. "एक फोन तर आहे. सुतक आहे म्हणायचं, ठेवायचा."

चौघंही माझ्याकडे बघत होते. कुणाच्याच लक्षात येत नव्हतं. ज्या घरात पंचांग रोज उघडतं त्या घरात चार शहाणी माणसं माझे तीन दिवस विसरली होती, कारण मी रोज सकाळी येऊन त्यांच्यातच बसत होते. मी सांगू शकले असते. त्याऐवजी हात पुढे केला आणि तीस चिंचोके घेतले.

"फोन डाव संपल्यावर," मी म्हणाले. जिंकले तर हे काम दुसऱ्याला देता येणार होतं. सात दिवसांत पहिल्यांदा मला काहीतरी हवं होतं.

दुसऱ्या अर्ध्यात मी बरी खेळले. साथीदाराला एक सवय असते. बुवांची पाठ आपल्याकडे असते, तोंड दिसत नाही, तेव्हा आपण श्वास ऐकतो. वरची जागा घ्यायची असली की श्वास आधी भरला जातो, शब्द विसरला असला की तो अर्ध्यात अडकतो. आमोद थाप मारताना श्वास रोखून धरायचा. वहिनी चांगलं पान आलं की सुस्कारा टाकायची, जणू तिच्यावर संकटच आलंय. मी वहिनीला आधी बाद केलं, मग आमोदला. तो म्हणाला, "पेटीवाली बाई गप्प असते तेव्हा सावध राहायला हवं होतं," आणि आडवा झाला.

अर्णवचं सोपं होतं. तो थाप मारण्याआधी नाकाने भरभर श्वास घ्यायचा. माझ्याकडे दहल्यांची जोडी होती, त्याने सगळं ढकललं, मी ऐकलं आणि सगळं ढकललं. त्याच्याकडे काही नव्हतं.

"आत्या, तू रोज खेळायला हवं होतंस," तो म्हणाला, आणि मनापासून म्हणाला.

मी आणि दादा उरलो. माझा ढीग त्याच्याहून थोडा लहान. अर्णवने पानं वाटली. माझ्या हातात राजा आणि सत्ती. मध्ये किलवरचा राजा, चौकटचा नहला, बदामची पंजी. राजांची जोडी झाली. चौथं पान सत्ती. दोन जोड्या. पाचवं नहला.

दादाने पानांवरून बोट फिरवलं. मग त्याने श्वास घेतला.

आधी थोडासा, नाकाने. क्षणभर थांबून मग खोल, छातीच्या तळापर्यंत, आणि शेवटी घशाशी एक बारीक खरखर. मी तो श्वास बावीस वर्षं ऐकला होता. त्याच्या पुढे नेहमी वरचा षड्ज यायचा, आणि अप्पांचा आवाज तिथे पोचायच्या आधी माझी बोटं पोचलेली असायची. दादा कधी गायला नाही. त्याच्याकडे हा श्वास आहे हे मला माहीतच नव्हतं. कदाचित त्यालाही नसेल.

"सगळे," दादा म्हणाला.

उत्तररंगात दोन जोड्यांवर सगळं लावायचं का, ह्याचा विचार करायला हवा होता. पटावर नहल्यांची जोडी पडलेली, समोरचा माणूस तासभर जपून खेळणारा. अर्णवने विचार केला असता. मी केला नाही. त्या श्वासानंतर बोटं कुठे जायची हे ठरलेलं होतं. मी सगळे चिंचोके पुढे सारले.

दादाने पानं उलटली. तिसरा नहला त्याच्या हातात होता.

"कळलं नाही तुला?" अर्णवने विचारलं. "सगळ्यांचं कळत होतं की."

"कळलं," मी म्हणाले.

जिंकलेल्याने एक काम द्यायचं होतं. दादाने दाखला अर्णवला दिला, कपाट स्वतःकडे ठेवलं. आणि मग सगळे उठले, सतरंजी झटकली, कुणीतरी चिंचोके बरणीत भरले. मी फोन घेऊन स्वयंपाकघरात गेले. आई तिथे ओट्याशी उभी होती, पाणी पीत. ती बाहेर गेली नाही.

लोणीच्या देवळाचं सगळं कचरू बघतो. देवळाची झाडलोट, उत्सवाची वर्गणी, आणि कीर्तनाला तबल्याची साथही तोच करतो.

"ताई," तो म्हणाला. "कळलं आमाला. मंगळवारीच कळलं. यायचं होतं, पन घरात म्हातारी आजारी हाय. लई वाईट झालं बघा."

"हो. परवाचं कीर्तन..."

"न्हाई न्हाई, ते तुमी सांगायचं कामच न्हाई. सुतक हाय, आमाला कळतंय की. बोर्डावर लिवलं होतं, ते पुसतो. गावाला सांगतो. काळजी करू नका."

झालं होतं. काम यादीवरून गेलं होतं. मला फक्त 'बरं' म्हणायचं होतं.

"मला सुतक नाही," मी म्हणाले.

फोनवर कुठेतरी म्हैस ओरडली.

"माझं शुक्रवारी फिटलं. लग्न झालेल्या मुलीला तीन दिवस."

"बरं," कचरू म्हणाला. जपून, जसं एखादं भांडं ओलं असताना उचलतात. "मग?"

मला आतून काही झालं नव्हतं. भरून आलं नव्हतं, कुणी हाक मारली नव्हती. अप्पा शिकवायला बसले की नव्या मुलांना सांगायचे: भाव दाटून आला की उभा राहीन म्हणालात तर श्रोते घरी जातील, आधी उभं राहा, पुढचं नारायण बघतो. मी हे ऐकून ऐकून इतकं झिजवलं होतं की त्याचा अर्थ कधी बघितलाच नव्हता.

"मग मी येते," मी म्हणाले. "मी कधी उभी राहिलेली नाही, कचरू. चांगलं होईलच असं नाही."

"नसू दे," तो म्हणाला. "चार वाजता. उनं उतरल्यावर. पेटीला पाटलाकडचा मास्तर बसंल. पन ताई, एक सांगा. बुवांचा काळी एकचा तबला हाय माज्याकडं. तुमाला कोन्त्या पट्टीचा आनू?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

बावीस वर्षं मी काळी एकमध्ये वाजवलं होतं. अप्पांची पट्टी, पेटीच्या पहिल्या काळ्या सुरावर धरलेला षड्ज. घरी देवापुढे म्हणताना मी त्यांच्याच पट्टीत, खालच्या आवाजात, पुटपुटल्यासारखं म्हणायचे. माझा आवाज कोणत्या पट्टीत उभा राहतो हे मला कुणी विचारलं नव्हतं.

"सांगते," मी म्हणाले. "अर्ध्या तासात."

फोन ठेवला. आई पाण्याचं भांडं पालथं घालत होती.

"शुक्रवारीच मला माहीत होतं," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलली होतीस?" तिने हात पुसले. "नऊवारी नेसायची. ड्रेसवर उभी राहू नकोस बुवांच्या जागी."

"पट्टी कळत नाहीये आई."

"मग बघ की."

सुतकाच्या घरात पेटी उघडायची नव्हती. मी मागच्या गॅलरीत गेले. काळी एक मला पेटीशिवाय लागते, ती कानातच आहे. तिथून सुरुवात केली. षड्ज लावला, तोंड मिटून. माझ्यासाठी तो विहिरीत होता. एक स्वर वर चढले. तिथेही नाही. आणखी एक. खाली वाड्याच्या जागेवर उभ्या राहणाऱ्या इमारतीचं काम चालू होतं, मिक्सर फिरत होता, त्यामुळे कुणाला ऐकू जाईल असं वाटलं नाही. पांढरी चारला तोंड उघडलं. काळी तीनला आवाज खरखरला, सात दिवस कपाटात बंद राहिलेल्या कपड्यासारखा. मी चढत राहिले. काळी चारला तो निघाला, मोठा, आणि पहिल्यांदा पोस्टातला नव्हता. कुणाचा होता ते सांगता येत नाही. माझ्या ओळखीचा नव्हता.

दिवाणखान्यातलं बोलणं थांबलं. दादा दारात आला आणि परत गेला.

"थोडं खाली घे," आई आतून म्हणाली. "दोन तास उभं राहायचंय. घसा बसेल."

मी अर्धा स्वर खाली आले. तिथे श्वास पुरत होता. दोनदा लावून बघितला, तिसऱ्यांदा लांब धरला, आणि मग कचरूला फोन केला.

"पांढरी पाच," मी म्हणाले.